नमुन्यात सापडलेलं दुखणं

तिसरी उडी

डाव्या जांघेत ओढ लागते, हे मला स्पर्धेच्या चार महिने आधीपासून माहीत होतं. त्याच्या थोडं खाली काहीतरी कडक हाताला लागतं, हेही माहीत होतं. मी ते कुणालाच सांगितलं नाही. हे आधीच कबूल करून टाकतो. पुढं मी सगळ्यांवर संशय घेतला, पण या गोष्टीत खरं लपवलं ते मी.

माझं नाव सुशांत. गाव कोडोली, राहायला कोल्हापुरात. खेळाडूंच्या जागेवर एका सरकारी कचेरीत नोकरी करतो आणि लांब उडी मारतो. हे सगळं घडलं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि पहिल्यांदाच परदेशात एका आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरलो होतो.

अंतिम फेरीत आम्ही बाराजण होतो. पहिल्या तीन उड्यांनंतर आठच राहतात, बाकीच्यांनी बॅगा भरायच्या. माझी पहिली उडी फाऊल गेली, लाल झेंडा. दुसरी आखूड. तिसरीला मी खूण अर्धा पाऊल मागं घेतली, डोळे फळीवर न ठेवता समोर ठेवले आणि पळालो. पाय फळीवर बसला तेव्हाच कळलं की ही चांगली आहे. आठ मीटरला चार सेंटिमीटर कमी. एवढी लांब उडी मी त्याआधी कधीच मारली नव्हती. वाळूतून उठताना जांघेत अशी कळ गेली की दोन सेकंद वाकून उभा राहिलो. लोकांना वाटलं, मी मातीला नमस्कार करतोय.

सहावा आलो. मैदानातून बाहेर पडताना गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई पुढं आली आणि म्हणाली, उत्तेजक तपासणीसाठी तुमची निवड झाली आहे, आता तुम्ही माझ्या नजरेआड जायचं नाही. मला तर मान मिळाल्यासारखं वाटलं. लघवीचा नमुना दिला, बाटल्यांना सील लागलं, सह्या केल्या. कुठली औषधं घेता, या रकान्यात 'काही नाही' लिहिलं. बाहेर माझ्या खोलीतला जोडीदार जॉबी पाण्याची बाटली घेऊन थांबला होता. तो केरळचा, माझ्यासारखाच लांब उडीवाला. त्या दिवशी नववा आला होता.

मेल

पाच आठवड्यांनी सकाळच्या सरावाला मेल आला. मी दोनदा वाचला आणि फोन मगदूम सरांच्या हातात दिला. मगदूम सर म्हणजे माझे प्रशिक्षक. पंधरा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या हाताखाली होतो.

सरांनी चष्मा लावून सगळं वाचलं. माझ्या नमुन्यात एक हार्मोन सापडलं होतं, जे पुरुषाच्या अंगात जवळजवळ नसतं. अजून दोषी ठरवलेलं नाही, पण खुलासा द्या आणि ताबडतोब वैद्यकीय तपासणी करून घ्या, असं लिहिलं होतं.

"हे गरोदर बायकांच्या अंगात असतंय," सर म्हणाले. "तुझ्यात कुठनं आलं?"

"मला काय म्हाईत, सर."

"मी वरडणार न्हाय. खरं सांग."

"खरंच सांगतोय. आणि तपासणी कसली सांगत्यात? मला कसला आजार असणार? आत्ताच तर सगळ्यात लांब उडी मारून आलोय."

"तेच म्हणतोय मी," सर म्हणाले.

ते वाक्य माझ्या डोक्यात किती दिवस फिरत होतं. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला हार्मोनची इंजेक्शनं चालू हायत काय?"

मी नाही म्हणालो. ते खोटं होतं.

फ्रीज

माझी बायको तेजश्री जयसिंगपूरची. कोल्हापुरात एका शाळेत विज्ञान शिकवते. आम्हाला तीन वर्षं मूल होत नव्हतं आणि तिच्यावर उपचार चालू होते. त्यातली इंजेक्शनं आमच्या फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागं, एका डब्यात असायची. मी घरी जाऊन खोक्यावरचं नाव फोनवर शोधलं. तेच हार्मोन होतं.

डब्यात तीन असायला हवी होती. दोनच होती.

मी डबा हातात घेऊन उभा असतानाच ती शाळेतून आली. माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. मी मेल दाखवला. तिनं तो उभ्यानंच वाचला.

"तुम्ही घेतलंत?" तिनं विचारलं.

"एक कमी आहे. ते कुठाय?"

"फुटलं. माझ्या हातून पडलं."

"कधी?"

"तुम्ही तिकडं होतात तेव्हा. वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"काच कुठं टाकलीस?"

एवढं विचारल्यावर तिचा चेहरा बदलला. "काच?" ती म्हणाली. "मी काय चोरी लपवतेय? इंजेक्शनाचं नाव मेलमध्ये तुमच्या नावापुढं आलंय, माझ्या नाही."

त्यानंतर आम्ही एका घरात राहून कामापुरतंच बोलायला लागलो. ती मला ताट वाढायची आणि मी पहिला घास घेण्याआधी आमटीकडं बघायचो. आज हे लिहिताना लाज वाटते, पण बघायचो. आपल्या बायकोनं आपल्याला काहीतरी खायला घातलं असेल, असं मला खरंच वाटत होतं. आणि मी तिचं औषध चोरून टोचून घेतलं, असं तिला वाटत होतं. डबा तिनं फ्रीजमधून काढला आणि शाळेजवळच्या तिच्या मैत्रिणीकडं नेऊन ठेवला.

कुणी केलं असेल

मी एका वहीत नावं लिहायला सुरुवात केली. सरांनी दिलेली प्रोटीनची पावडर. शिबिरातल्या मालिशवाल्याचं तेल. खानावळीतलं दूध. जॉबीची पाण्याची बाटली. प्रत्येक नावापुढं मी कारण लिहायचो आणि दरवेळी कारण सापडायचं. संशयाला कारणं कमी पडत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

बातमी कशी फुटली कळलं नाही, पण आठवड्यात ती कोडोलीला पोचली होती. व्हॉट्सॅपवर माझ्या उडीचा फोटो आणि खाली इंजेक्शनाचं चित्र फिरत होतं. कचेरीसमोरच्या चहाच्या गाड्यावर एक अनोळखी माणूस अगदी आदरानं म्हणाला, "पावणं, तेवढं औषधाचं नाव सांगा की. आमच्या पोराला भरतीत पळायचंय." तो चेष्टा करत नव्हता. त्याचंच जास्त लागलं.

मी जॉबीला फोन केला. मोडक्या हिंदीत त्याला सरळ विचारलं, त्या बाटलीत काय होतं?

 तो म्हणाला, पाणी होतं. आणि मग म्हणाला, तू झोपेत खाली हात धरून कण्हत होतास. मी दोनदा सांगितलं, संघाच्या डॉक्टरला दाखव. तू म्हणालास, स्नायू ओढलाय. दाखवलंस का?

मला वाटलं, विषय बदलतोय. मी फोन ठेवून दिला. वहीत त्याच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला गेलो तेव्हा मात्र हात आपोआप तिथं गेला. गाठ पूर्वीपेक्षा मोठी होती. दुखत नव्हती. मी स्वतःला सांगितलं, दुखत नाही म्हणजे काही नाही. मित्रांनो, हीच चूक करू नका. माझी गाठही दुखत नव्हतीच.

तपासणी

मी डॉक्टरकडं गेलो ते धडधाकट असल्याचा दाखला आणायला. तेजश्री न विचारता सोबत आली. रिक्षात आम्ही दोन टोकांना बसलो.

सोनोग्राफी करणारे डॉक्टर सुरुवातीला क्रीडावार्ता विचारत होते. मग मशीन डाव्या बाजूला गेलं. पडदा त्यांनी स्वतःकडं वळवून घेतला.

"ही गाठ कधीपासून आहे?"

"पाच-साडेपाच महिने झाले."

"आणि कुणाला दाखवली नाहीत?"

मी छताकडं बघत राहिलो.

त्याच दुपारी आम्हाला डॉ. शेख यांच्याकडं पाठवलं. ते शस्त्रक्रिया करणारे. हळू बोलणारा माणूस. त्यांनी रिपोर्ट वाचला, मी पुढं केलेला मेलही वाचला आणि दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवले.

"सुशांत, अंडकोषात गाठ आहे. ती कॅन्सरची असण्याची दाट शक्यता आहे. काही गाठी स्वतःच हे हार्मोन तयार करतात. तुमच्या नमुन्यात सापडलं ते बहुतेक हेच."

"म्हणजे मी काही घेतलेलं नाही?"

"मी तुम्हाला कॅन्सर सांगतोय."

"ते कळलं. पण मी काही घेतलं नाही ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नाही," ते म्हणाले. "तुम्ही काही घेतलेलं नाही."

मला हसू आलं. खरंच आलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं आणि त्याच क्षणी आधीचा कॅन्सर हा शब्द ऐकू आला. दोन्ही एकदम झालं.

बाहेर बाकावर तेजश्री माझ्या शेजारी बसली.  मग म्हणाली, "म्हणजे फुटलेलं इंजेक्शन फुटलेलंच होतं."

"व्हय," मी म्हणालो.

"आणि मीही तुमच्यावर विश्वास ठेवला नव्हता."

तिनं माझा हात धरला नाही की ती रडली नाही. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, आधी स्वतः एक घोट प्यायली आणि मग मला दिली. मी प्यायलो.

हर्निया

एवढं होऊनही माझी सवय सुटली नाही. डॉक्टरला ऑपरेशनाची एवढी घाई का, या विचारानं मी रिपोर्ट घेऊन मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनीही तेच सांगितलं, वर विचारलं की इथं येण्यात दोन दिवस का घालवलेत.

ऑपरेशनाआधी मूल होण्याच्या दृष्टीनं वीर्य साठवून ठेवायचं होतं. तिथल्या तपासणीत कळलं की माझ्याकडंच शुक्राणूंचं प्रमाण फार कमी होतं. कदाचित या दुखण्यामुळंच असेल, असं डॉक्टर म्हणाले. तीन वर्षं सुया टोचल्या त्या तेजश्रीला. माझी तपासणी एकदा सांगितली होती, ती मी सरावाचं निमित्त करून टाळली होती. ती समोर बसून हे सगळं ऐकत होती. घरी आल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "आत्ता नको. आधी बरे व्हा. मग मी नीट भांडणार आहे." तिनं तो शब्द नंतर पाळलाही.

गावाकडनं आबा आले. माझे वडील म्हशी पाळतात, कोडोलीत डेअरीला दूध घालतात. मी दवाखान्यातल्या खाटेवर होतो, ते पायाशी उभे राहिले.

"उड्या मारून मारून झालं काय हे?"

"न्हाय आबा. कुणालाबी होतंय. तरण्या पोरांना जास्त."

"नेमकं कुठं झालंय?"

मी सांगितलं. त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. थोड्या वेळानं म्हणाले, "गावात हर्निया म्हणून सांगतो. आधीच लोकांची तोंडं लई चाललीत."

मला वाईट वाटलं, पण मी हो म्हणालो. जांघेत चीर देऊन डावा अंडकोष काढला. तीन दिवसांत चालायला लागलो. नंतरच्या तपासणीत पोटातल्या लसिकाग्रंथींत थोडं पसरून गाठी झालेल्या दिसल्या, म्हणून केमोथेरपीचे तीन टप्पे ठरले.

सिस्टर

प्रत्येक टप्प्यात पहिले पाच दिवस रोज सकाळी नऊला सलाईन लागायचं आणि दुपार संध्याकाळकडं कलंडेपर्यंत चालायचं. तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव. फोडणीच्या वासानं पोट उलटं व्हायचं. दुसऱ्या टप्प्याच्या आधी उशीवर केस यायला लागले.

पण पहिल्या दिवशी मला भीती त्याची नव्हती. अंगात काहीतरी सोडलं जातंय आणि ते काय आहे ते मला माहीत नाही, याची होती. मी वॉर्डातल्या सुनंदा सिस्टरांना प्रत्येक बाटलीचं नाव विचारत होतो, वहीत लिहीत होतो, फोनवर शोधत होतो. त्यातल्या एका औषधानं फुप्फुसावर परिणाम होऊ शकतो, हे वाचलं आणि हात मागं घेतला.

"हे लावू नका."

शेजारच्या खाटेवरचे काका वैतागले. "अरे, ती काय विष घालणार हाय का तुला?"

 सुनंदा सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावलं. दम लागला, कोरडा खोकला आला तर लगेच सांगायचं, आम्ही लक्ष ठेवून आहोत, असं डॉक्टरांनी पाच मिनिटं उभं राहून समजावलं. त्या दिवसापासून सिस्टर प्रत्येक बाटली अडकवण्याआधी माझ्या डोळ्यांसमोर धरायच्या.

"वाचा. वाचून झालं की सांगा, मग लावते."

इतर पेशंट हसायचे. त्या कधी हसल्या नाहीत. तिसऱ्या टप्प्यात मला वाचायची ताकद नव्हती, तर त्यांनीच मोठ्यानं वाचून दाखवलं. मी डोळे मिटूनच मान हलवली. दवाखान्यात कुणी माझ्यासाठी काय केलं असं विचारलं तर मी हेच सांगतो. त्यांनी माझ्या संशयाला वेडेपणा म्हटलं नाही.

सर

मगदूम सर दोन महिने आले नव्हते. दुसऱ्या टप्प्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी आले. माझं टक्कल बघून दारातच थांबले. तेजश्रीनं खुर्ची दिली, बसले नाहीत.

"पावडरीचा डबा मी तपासायला पाठवलाय," ते म्हणाले. "माझ्याकडनं काय चुकलं असंल तर कळू दे म्हणून."

"आता गरज न्हाय, सर. कारण कळलंय."

"म्हाईत हाय. तरीपण." ते टोपी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "सुशांत, बातमी माझ्याकडनं फुटली. मला वाटलं तूच घेतलंयस. रागात दोघा-तिघांशी बोललो. माझ्या हाताखाली असं झालं, माझं नाव जाईल, एवढंच डोक्यात होतं."

वहीत त्यांचं नाव पहिलं होतं, पण पावडरीसाठी. हे मी लिहिलेलंच नव्हतं. खाटेवरून उठून ओरडावं असं वाटलं, पण तेवढं बळ नव्हतं. आणि मी तरी काय केलं होतं? तेजश्रीच्या आमटीत खोट शोधली होती. जॉबीच्या पाण्यात शोधली होती.

"बसा," मी म्हणालो.

ते बसले. सलाईन संपेपर्यंत बसून राहिले.  मी त्यांना माफ केलं का, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही. आज मी त्यांच्याच मैदानावर जातो, पण घरातल्या गोष्टी त्यांना सांगत नाही.

जॉबीला मात्र मी त्याच संध्याकाळी फोन केला. माफी मागितली. तो म्हणाला, डॉक्टरला दाखवलंस ना, मग झालं.

आकडा

ज्या हार्मोनमुळं मी चोर ठरलो होतो, तेच आता दर आठवड्याला रक्तात मोजलं जायचं. आकडा खाली आला की डॉ. शेख कागदावर बोट ठेवून दाखवायचे. पहिल्यांदा मी म्हणालो, पुन्हा तपासा, दुसऱ्या लॅबमध्ये. त्यांनी निमूट लिहून दिलं. दुसऱ्या लॅबनंही तेच सांगितलं. तिसऱ्या टप्प्यानंतर तो जवळजवळ सापडेनासा झाला. पोटातल्या गाठीही विरल्या.

उत्तेजक तपासणी विभागाचा मेल आला तो दोन ओळींचा होता. वैद्यकीय कारण मान्य, प्रकरण बंद. माझी सहावी जागा तशीच राहिली. मी तो मेल सगळीकडं पाठवला. व्हॉट्सॅपवर इंजेक्शनाचं चित्र टाकणाऱ्यांपैकी एकानंही काही लिहिलं नाही.

पाच महिन्यांनी पुन्हा मैदानावर गेलो. धावपट्टीच्या अर्ध्यात दम लागला आणि मी घाबरून थेट दवाखाना गाठला. फुप्फुसं ठीक होती, फक्त अंगात जोर नव्हता. हे आताही होतं. साधा खोकला आला तरी मी तेजश्रीकडं बघतो आणि ती म्हणते, "उद्या तपासून घेऊ." तिला खात्री असते की काही नाही. तरी उद्या तपासून घेऊ म्हणते.

डेअरी

गेल्या महिन्यात सकाळी आबांबरोबर गावातल्या डेअरीवर गेलो होतो. रांगेत पंधरा-वीस माणसं, किटल्या खाली ठेवून उभी. आमच्या पलीकडच्या शिवारातल्या एका काकांनी मला बघितलं आणि आबांना विचारलं, "काय, पोराचं हर्नियाचं दुखणं बरं झालं न्हवं?"

मी व्हय म्हणणार, तेवढ्यात आबा बोलले. त्यांचा आवाज मुळातच मोठा, शेताच्या या टोकावरनं त्या टोकाला जाणारा.

"हर्निया न्हाय. गोटीत कॅन्सर झालता त्येच्या. पाच महिने अंगावर काढलान. एक काढून टाकली, आता ठणठणीत हाय. इंजेक्शनाचं जे बोलत हुता न्हवं तुम्ही लोक, ते ह्येच्यामुळं."

फॅट तपासणाऱ्या मशिनाचा तेवढा आवाज येत होता. मला कुठं बघावं कळेना. आबांनी किटली उचलून मापाला लावली आणि मागं वळून म्हणाले, "घरात तरणी पोरं असतील तर सांगा त्यास्नी, आंघोळीला जातात तवा बघत जावा म्हणावं. लाजत्यात आणि मरत्यात."

 दूध घालून आम्ही घरी आलो. वाटेत आबांनी म्हशीच्या चाऱ्याचा विषय काढला आणि तोच बोलत राहिले.

त्या आठवड्यात मला गावातून तिघांचे फोन आले. तिघांनीही आधी पावसाचं विचारलं, मग सरावाचं विचारलं, आणि मग आवाज खाली आणून डॉक्टरांचा नंबर मागितला.